सोळा तव्यांचा हेवी ड्यूटी हॅरो : आठ महिने आणि १८० तासांनंतर

तास वहीत लिहून ठेवायची सवय आहे म्हणून नेमकं सांगता येतं. हॅरो, म्हणजे ट्रॅक्टरमागे ओढून गोल लोखंडी तव्यांनी ढेकळं फोडायचं अवजार, १८० तास चालला. आडव्या-उभ्या पाळ्या धरून साधारण ४०० एकर झाले. त्यात घरचं रान कमी आणि भाड्याचं काम जास्त. भारी काळी, मध्यम, मुरमाड, कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या असलेली, अशी सगळी रानं त्याने बघितली. घेतल्या घेतल्या चार जणांनी विचारलं होतं, कसा आहे म्हणून. तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण नव्या हॅरोचा रंग सोडून दुसरं काही सांगण्यासारखं नसतं.

वस्तू अशी : ऑफसेट, मागे ओढायचा, वाहतुकीला दोन चाकं आणि उचलायला हायड्रॉलिक सिलिंडर. १६ तवे, २४ इंची, ६ मिलिमीटर जाड. एका दांड्यावर ओवलेली तव्यांची ओळ म्हणजे गँग. पुढच्या गँगला खाचांचे तवे, मागच्या गँगला साधे गोल. ट्रॅक्टर ७५ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह.

याच्या आधी १४ तव्यांचा, २२ इंची, लिफ्टवर उचलायचा हॅरो होता. हलक्या रानात त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. पण नांगरून उन्हात तापलेल्या काळ्या रानात तो ढेकळांवरून नुसता उड्या मारत जायचा. ढेकूळ फुटायचं सोडून बाजूला सरकायचं, आणि दुसऱ्या पाळीला परत तेच ढेकूळ समोर. सांगाड्यावर मातीची पोती बांधून पाहिली. थोडा फरक पडला, पण दोन पाळ्यांचं काम चार पाळ्यांवर गेलं ते गेलंच. (वजनासाठी हॅरोवर माणूस बसवणारे अजून दिसतात. एक हिसका बसला तर माणूस थेट तव्यांपुढे पडतो. पोतं बांधा, लोखंड बांधा, माणूस नको.)

नवीन बघायला निघालो तर जाईल तिथे पहिला प्रश्न एकच : "किती तव्यांचा देऊ?" जणू तवे वाढले की हॅरो भारी झाला. माझ्या मते इथेच गल्लत होते. नांगराच्या फाळाची ठेवणच अशी असते की तो स्वतःहून जमिनीत ओढ घेतो. हॅरोच्या तव्याला तशी ओढ नाही. तो शिरतो वजनाने, गँगच्या कोनाने आणि धारेने. म्हणून विचारायचं ते एका तव्यामागे किती किलो येतात हे. जुन्या हॅरोचं वजन ४३० किलो, भागिले १४, म्हणजे तव्यामागे जेमतेम ३१ किलो. उड्या मारणार नाही तर काय करेल? एकाने मला त्याच ट्रॅक्टरला २० तव्यांचा, ११५० किलोचा हॅरो दाखवला. ऐकायला मोठा, पण तव्यामागे साडेसत्तावन्न किलो. मी घेतलेला सोळाचा. त्याच्या माहितीपत्रकात ११८० किलो छापलं होतं. म्हटलं, घेतो, पण वजनकाट्यावर चढवून. विकणारा थोडा नाराज झाला. काट्यावर १०९० भरले. नव्वद किलो कागदावरच राहिले होते, तरी तव्यामागे ६८ किलो पडत होते, म्हणून घेतला. तुम्ही घ्याल तेव्हा काट्याशिवाय घेऊ नका.

तव्याची जाडीही व्हर्नियरने मोजली, धारेजवळ नाही तर मधल्या भागात. ती बरोबर निघाली. गँगच्या चौरस दांड्याची बाजू ३२ मिलिमीटर. बेअरिंगा प्रत्येक गँगला तीन. दोन बेअरिंगांवर आठ तवे असलेला हॅरोही बघितला होता, तो सोडून दिला. लांब दांड्याला मधे आधार नसेल तर दगडावर चढल्यावर तो लवतो आणि सगळा मार टोकाच्या बेअरिंगवर जातो.

आता पहिल्या आठवड्यातली फजिती. दुसऱ्या दिवशी, नऊ-दहा तास झाले असतील, मागून टक टक असा आवाज यायला लागला. वाटलं खडा अडकला असेल. अजून दोन तास तसाच चालवला, इथेच चुकलो. उतरून हॅरो टेकवला, ट्रॅक्टर बंद केला आणि जाड हातमोजा घालून पुढच्या गँगचा टोकाचा तवा हलवून पाहिला तर बोटभर डुलत होता. नटाखालची लॉक पट्टी सरळ झालेली, नट दीड आटा मागे आलेला, आणि तव्याच्या नि बीडाच्या स्पूलच्या (दोन तव्यांत अंतर ठेवणारी नळी) मधे काजळीसारखी काळी पूड. तवा उतरवल्यावर दिसलं की चौकोनी भोकाचे कोपरे गोल व्हायला लागलेत. एक तवा आणि दोन स्पूल बदलावे लागले. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "कंपनीतून टाइट होऊनच येतो." येतो, खरंय. पण तवे आणि स्पूल यांच्यावरचा रंग पहिल्या काही तासांत दबून झिजतो आणि सगळी गँग केसभर आखडते, तेवढ्यात नट ढिला पडतो. सोबतच्या पुस्तिकेत पहिल्या काही तासांनी नट परत आवळा असं लिहिलं होतं. ती पुस्तिका मी ट्रॅक्टरच्या सीटखाली घडी घालून ठेवली होती.

तेव्हापासून मोठ्या पान्याला चार फुटी पाइप लावून दोघांनी मिळून नट आवळतो आणि लॉक पट्टी ठोकून बसवतो. पहिले २५ तास रोज बघितलं, आता आठवड्याला एकदा. परत आवाज आला नाही.

सेटिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हॅरो वाईट आहे म्हणून विकून टाकणाऱ्या निम्म्या लोकांचं सेटिंगच झालेलं नसतं असं माझं मत झालंय. ऑफसेटमध्ये पुढची गँग माती एका बाजूला फेकते आणि मागची ती परत आणते. मागची गँग आधीच मोकळ्या झालेल्या मातीत चालते, तिला धरायला कमी मिळतं, म्हणून तिचा कोन पुढचीपेक्षा थोडा जास्त लागतो. तसं नसेल तर सगळा हॅरो तिरका चालतो आणि स्टिअरिंग दिवसभर एका बाजूला धरून ठेवावं लागतं. माझे पहिले तीन दिवस तसेच गेले, खांदा भरून आला. मग मागच्या गँगचा कोन एक भोक वाढवला, ओढदांडा आडव्या पट्टीवर एक भोक सरकवला, आणि ट्रॅक्टर हात सोडला तरी सरळ जायला लागला.

दुसरी गोष्ट लेव्हल. पन्नास पावलं चालवा, उतरा आणि मागे उभं राहून बघा. पुढची गँग खोल आणि मागची वरवर असेल तर एका कडेला मातीचा वरंबा पडलेला दिसतो. मागची जास्त खोल असेल तर शेवटच्या तव्यामागे उघडी नळी राहते. पुढचा लेव्हलचा स्क्रू अर्धा अर्धा आटा फिरवत दोन्ही गँगा सारख्या खोलीवर आल्या की रान सपाट दिसतं. हे प्रत्येक नव्या रानात थोडंफार करावंच लागतं. पाच मिनिटांचं काम आहे.

कोन जास्त उघडला की तवा खोल जातो पण ट्रॅक्टरवर ओझंही येतं. सगळ्यांना वाटतं पूर्ण उघडला की काम भारी. मी चाकांची घसरण मोजून पाहिली. मागच्या टायरवर खडूने खूण केली. हॅरो उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर ४३ मीटर गेला. कोन पूर्ण उघडून हॅरो लावला तेव्हा दहा फेऱ्यांत ३७ मीटर, म्हणजे १४ टक्के घसरण. एक भोक कमी केल्यावर ३९ मीटर, ९ टक्के. खोलीत फरक पडला बोटभर. तेवढ्यासाठी टायर आणि डिझेल कोण जाळणार? आता पहिली पाळी मधल्या भोकावर आणि दुसरी त्याहून एक भोक कमी. वेग सहा-साडेसहा किलोमीटर. आठच्या पुढे गेलं की माती लांब फेकली जाते आणि रान लाटांसारखं होतं.

या सेटिंगवर तासाला सव्वादोन एकर निघतात आणि डिझेल एकराला पाळीमागे साडेचार लिटरच्या आसपास. भारी काळ्या रानात दोन पाळ्यांत काम होतं, जिथे जुन्याला चार लागायच्या. पऱ्हाट्या वाळलेल्या असतील तर खाचांचे तवे त्या टाकटाक कापतात. ओलसर असतील तर कापत नाहीत, दाबून पुढे जातात. तो हॅरोचा दोष नाही.

आता नावडतं. पावसानंतर घाई केली तर हा हॅरो सूड घेतो. एकदा भाड्याच्या कामात रानमालक मागे लागला, वाफसा झालाय म्हणाला. वरून रान कोरडं दिसत होतं. चार इंच खालची माती मुठीत दाबली तर लाडू झाला, टाकला तर फुटला नाही. तरी गेलो. पाव एकरात तव्यांच्या मधे माती इतकी भरली की हॅरोचा रोलर झाला. तव्यावरची माती खरवडणारे स्क्रॅपर होते, पण त्यांच्या आणि तव्याच्या मधे अख्खं बोट जात होतं. ते मी नंतर तव्याला जवळजवळ लागतील इतके सरकवले. मागे जे मातीचे चकचकीत काप पडले ते उन्हाने विटेसारखे झाले. त्या रानमालकाने नंतर बरेच दिवस मला तोंड दाखवलं नाही, आणि मीही त्याला.

दुसरं, हराळी आणि लव्हाळ्याच्या रानात हा घालू नका. हराळीच्या मुळ्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा फुटतो. आमच्याच बांधालगतच्या पट्ट्यात मी हॅरोने हराळी "मारली" आणि दीड महिन्यात ती दुप्पट रानात पसरली. आबा काही बोलले नाहीत, फक्त रोज सकाळी त्या पट्ट्यातून खुरपं घेऊन फिरायचे. बोलले असते तर बरं झालं असतं.

तिसरं, सारखा एकाच खोलीवर हॅरो चालवला की खाली तळ बसतो. परवा एका रानात लोखंडी सळई खुपसून पाहिली. पाच इंचांपर्यंत लोण्यात जावी तशी गेली, मग अडली. तव्याची धार खालची माती दाबत जाते, त्यात ट्रॅक्टरचं वजन. भारी हॅरो आला म्हणजे नांगर विकून टाकावा असं वाटत असेल तर थांबा. खोल नांगरट किंवा खालचा तळ फोडणारा सबसॉयलर अधूनमधून लागणारच.

बेअरिंगचा एक सील गेला, पण त्यात कारखान्याचा काही दोष नाही. रानात ठिबकची जुनी नळी राहिली होती. ती स्पूलला गुंडाळली गेली, घासून तापली आणि वितळून सीलच्या ओठात शिरली. आता रान सुरू करायच्या आधी एक फेरी पायी मारतो. ग्रीस रोज सकाळी, जुनं बाहेर दिसेपर्यंत. त्यापुढे गन दाबली तर सीलच बाहेर येतो.

वाहतुकीचं थोडक्यात : चाकांवर उचलला की लॉकची पिन घाला. मी एकदा पिन न घालता रात्रभर उचलून ठेवला, सकाळी चार बोटं खाली बसलेला होता. वळणावर तवे जमिनीत ठेवून वळू नका, सांगाडा पिळतो आणि कोपऱ्यात खड्डा पडतो. चाकांमुळे वळायला जागा मात्र जास्त लागते. अर्ध्या-पाऊण एकराच्या तुकड्यांत हा हॅरो म्हणजे डोकेदुखी, अर्धा वेळ वळण्यातच जातो.

ट्रॅक्टर ५० एचपीचा असेल तर हा घेऊच नका. लिफ्टवरचाच १२ तव्यांचा, जड सांगाड्याचा बघा आणि पुढे वजनं लावा, नाहीतर उचलल्यावर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. तवे कमी असले म्हणून कमीपणा वाटायचं कारण नाही.

गेल्या आठवड्यात टेप लावून तवे मोजले. नवे होते तेव्हा ६१० मिलिमीटर. आता पुढचे दातापासून दातापर्यंत ५८९ ते ५९२, मागचे ५९८. मुरमाड रानाने जास्त खाल्लंय, तिथली कामं केली त्या आठवड्यांत फरक डोळ्यांना दिसत होता. पुढचे आठ अजून एक हंगाम काढतील असं वाटतं. बदलीन तेव्हा लॉक पट्ट्या सगळ्या नव्या टाकणार आहे. आणि पुस्तिका आता घरात, कपाटात आहे.