दोनशे हात आणि एक हजार फॉलोअर्स: क्रिएटर अकाउंटच्या नऊ महिन्यांच्या वापरानंतर

नऊ महिन्यांपूर्वी मी माझे चित्रांचे साधे इन्स्टाग्राम अकाउंट ‘क्रिएटर’ प्रकारात बदलून घेतले, तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर दोन उद्दिष्टे लिहिली होती. मानवी हाताची २०० अभ्यासचित्रे पूर्ण करायची, कारण हात काढताना माझी पेन्सिल नेहमी अडखळत असे. आणि त्याच काळात एक हजार फॉलोअर्स मिळवायचे. दोन्ही साध्य झाली. मात्र मधल्या अडीच महिन्यांत दुसऱ्या उद्दिष्टापायी पहिले जवळजवळ हातचे गेले होते. ते पुन्हा रुळावर कसे आले, हे या वापरातून मला मिळालेले सर्वांत मोलाचे असल्याने त्याविषयी सविस्तर लिहिते.

आधी सोयीसुविधांविषयी थोडक्यात. अकाउंटचा प्रकार बदलणे विनामूल्य आहे आणि सेटिंग्जमधून काही मिनिटांत होते. क्रिएटर हा ‘प्रोफेशनल’ अकाउंटचाच एक प्रकार आहे आणि असे अकाउंट खासगी ठेवता येत नाही, ते सर्वांसाठी खुलेच असते. ‘इनसाइट्स’ म्हणजे पोस्टची आकडेवारी ही बदलानंतर टाकलेल्या पोस्टचीच मिळते; त्यामुळे ज्यांना पुढे कधी आपल्या कामाचा आढावा घ्यायचा आहे, त्यांनी हा बदल सुरुवातीलाच करावा. पाहणाऱ्यांचे वय, ठिकाण वगैरे तपशील १०० फॉलोअर्स झाल्यावर दिसू लागतात. माझ्या विषयाला त्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

पहिले दोन महिने अतिशय समाधानाचे गेले. रोज रात्री अर्धा तास डावा हात दिव्याखाली धरून एक चित्र काढायचे, खाली अनुक्रमांक आणि लागलेला वेळ लिहायचा आणि आठवड्याअखेरीस सातही पाने एकाच पोस्टमध्ये टाकायची, असा क्रम होता. पाहणारे मोजकेच होते, परंतु चित्रे वाढत होती. तिसऱ्या महिन्यात गुलाब धरलेल्या हाताच्या शेडिंगची, वेग वाढवलेली एक रील मी टाकली आणि ती अनपेक्षितपणे दूरवर पोहोचली. आठवडाभरात जवळजवळ तीनशे नवे फॉलोअर्स आले.

त्यानंतर मी तशाच रील करत राहिले. कॅमेरा वरून बांधायचा, सावली कागदावर पडणार नाही असा दिवा शोधायचा, संगीताच्या ठेक्यावर तुकडे जुळवायचे, यात एका रीलला दोन-तीन संध्याकाळी सहज जात. हात समोर धरून काढण्याऐवजी मी छायाचित्रावरून बाह्यरेषा उतरवून घेऊ लागले, कारण चित्र देखणे होणे आवश्यक झाले होते. आठवड्याला सात चित्रांवरून मी एका चित्रावर आले. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडले होते: एखाद्या मापावर नियंत्रणासाठी दबाव आला की त्या मापाचा पूर्वीचा भरवसा उरत नाही. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. फॉलोअर्सचा आकडा माझ्या कामाची दाद सांगत होता तोवर उपयोगी होता. मी त्याच्यासाठीच चित्र निवडू लागले, तेव्हा तो माझ्या हाताच्या कसबाविषयी काहीच सांगेनासा झाला.

हे लक्षात आले ते एका साध्या प्रश्नामुळे. एका रीलखाली कोणीतरी विचारले, की मूठ आवळली असताना अंगठा नेमका सुरू कुठून होतो? मला उत्तर देता आले नाही. मी स्वतःची डावी मूठ आवळून पाहिली आणि तेव्हा दिसले, की इतके दिवस मी अंगठा तळहाताच्या कडेला चिकटवल्यासारखा काढत होते. प्रत्यक्षात त्याची हालचाल थेट मनगटाजवळच्या सांध्यापासून सुरू होते. इतर बोटांना तीन पेरे असतात, अंगठ्याला दोनच. आणि तळहातातला मांसल उंचवटा हा त्याचाच खालचा भाग असल्याने अंगठा वळला की तोही सोबत वळतो. त्या रात्री मी मुठीची सहा चित्रे काढली. प्रत्येकात मनगटापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत एक वाकडी मार्गरेषा आधी ओढली, चुकलेल्या रेषा खोडल्या नाहीत, आणि ती सहाही पाने दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी पोस्ट केली.

त्या पोस्टला गुलाबाच्या रीलच्या मानाने फार थोडे व्ह्यूज मिळाले. परंतु इनसाइट्स उघडल्यावर दिसले, की सेव्ह करणाऱ्यांची संख्या रीलपेक्षा जास्त होती आणि अनेकांनी ती दुसऱ्या कोणाला तरी पाठवली होती. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले होते, की पोस्ट कोणाला दाखवायची हे ठरवताना पाहण्याचा वेळ, लाईक आणि पाठवणे या तीन गोष्टी सर्वाधिक महत्त्वाच्या असतात. त्यातही लाईकचे वजन आधीपासूनच्या फॉलोअर्सच्या बाबतीत अधिक, तर पाठवण्याचे वजन नव्या लोकांपर्यंत पोहोचताना अधिक. मुठीची पोस्ट पुढचे काही आठवडे सावकाश नवे लोक आणत राहिली, त्याचे कारण मला यातून उमगले.

मग मी वहीची आखणी बदलली. आठवड्याला किमान पाच चित्रे, तीही समोर धरलेल्या हातावरून. पोस्ट आणि आकडेवारी फक्त रविवारी. नोंदवायचे आकडे चारच: सेव्ह, शेअर, फॉलोअर नसलेल्यांचे प्रमाण आणि रील असल्यास पाहण्याचा सरासरी वेळ. पहिले तीन रविवार मोबाईल बाजूला ठेवणे कठीण गेले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. सवयींवरच्या एका अभ्यासाने या काळात मोठा आधार दिला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले होते, व्यक्तीनुसार १८ पासून २५४ पर्यंत; आणि एखादा दिवस चुकल्याने त्या प्रक्रियेत विशेष खंड पडत नाही, असेही त्यात आढळले. तापामुळे चार दिवस वही उघडता आली नाही, तेव्हा पाचव्या दिवशी पुन्हा बसण्याचे बळ मला या आकड्यांनीच दिले.

मध्यंतरी परस्परांना फॉलो करण्याच्या देवघेवीतून साठेक फॉलोअर्स मी जोडले होते. त्यांपैकी कोणीही एकही चित्र सेव्ह केले नाही, म्हणून ते पुढे काढून टाकले. फॉलोअर्स विकत घेण्याचा विचारही कोणी करू नये, कारण न पाहणारे फॉलोअर्स वाढले की खऱ्या प्रतिसादाचे प्रमाण घसरते आणि आपलीच आकडेवारी आपल्याला वाचता येईनाशी होते. याउलट डिसेंबर २०२४ मध्ये आलेली ‘ट्रायल रील’ची सोय मला फार आवडली. ती आधी फॉलोअर नसलेल्यांनाच दाखवली जाते, त्यामुळे वेग न वाढवलेले, पेन्सिलच्या खसखशीसह असलेले संथ व्हिडिओ मी निर्धास्तपणे करून पाहू शकले. त्यांतले दोन मनगटाच्या वळणावरचे होते, आणि तेच सर्वांत जास्त वेळ पाहिले गेले.

आठव्या महिन्याच्या अखेरीस हजारावा फॉलोअर आला, तेव्हा वहीत १७८वे चित्र सुरू होते. शेवटची बावीस चित्रे मी मुद्दाम पुन्हा मुठीचीच काढली आणि पहिल्या आठवड्यातल्या चित्रांशेजारी ठेवून पाहिली. अंगठा आता प्रत्येक ठिकाणी मनगटापासून निघतो आहे. या रविवारपासून पावलांची शंभर चित्रे सुरू केली आहेत. नव्या वहीत जुनेच चार रकाने आखले असून पाचवा एक वाढवला आहे: त्या आठवड्यात पाहणाऱ्यांनी विचारलेले, पण मला उत्तर न देता आलेले प्रश्न.