अपूर्ण भूतकाळ: स्पॅनिशमधला आणि पोर्तुगीजमधला

गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज ही राज्यकारभाराची भाषा होती आणि काही घरांतील वडीलधाऱ्यांना ती आजही येते. म्हणून स्पॅनिश शिकणाऱ्या गोमंतकीयाने आपल्या ‘बोलत असे’ किंवा ‘बोलत होतो’ यांच्या जवळचा हा काळ दोन्ही भाषांत शेजारी ठेवून पाहावा, असे मला मनापासून वाटते. स्पॅनिशमध्ये ‘आब्लार’ (बोलणे) या नियमित क्रियापदातील ‘आर’ काढून प्रत्यय लावले की ‘आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान’ ही सहा रूपे सिद्ध होतात. पोर्तुगीजमधील ‘फालार’ (बोलणे) याचे रूप ‘फालाव्हा’ होते, म्हणजे ‘ब’च्या जागी ‘व्ह’ येतो. मात्र स्पॅनिश ‘ब’ही येथे ओठ पुरते न मिटता उच्चारला जात असल्याने कानाला हे अंतर फारसे जाणवत नाही. ‘एर’ आणि ‘इर’ने संपणाऱ्या क्रियापदांच्या गटांत दोन्हींकडे ‘ईआ’ हाच प्रत्यय आहे, पण स्पॅनिश त्यातील ‘ई’वर सर्व सहा रूपांत आघातचिन्ह देते, तर पोर्तुगीज केवळ ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्या रूपांत. अनियमित क्रियापदे स्पॅनिशमध्ये तीनच आहेत, पोर्तुगीजमध्ये चार. लेखनासाठी मला स्पॅनिशची पद्धत अधिक सोपी वाटते. ज्याच्या कानावर घरात ‘फालाव्हा’ पडले आहे, त्याने मात्र तेथूनच आरंभ करावा.