रोटेनबुर्ग की क्वेडलिनबुर्ग : जुन्या घरातील हॉटेलात दोन रात्री राहायचे असेल तर

नोकरी किंवा शिक्षणासाठी जर्मनीत राहणाऱ्या मराठी मुलांकडे उन्हाळ्यात आई-वडील येतात, आणि बर्लिन-म्युनिक पाहून झाल्यावर एखाद्या लहान गावातील जुन्या वास्तूत, जिथे आता हॉटेल चालते, दोन रात्री काढाव्यात असा बेत हमखास निघतो. असा बेत करणाऱ्यांसमोर मी दोन गावे ठेवतो : बव्हेरियातील रोटेनबुर्ग ऑब डेअर टाउबर आणि हार्त्स पर्वताच्या पायथ्याशी असलेले, झाक्सन-आनहाल्ट राज्यातील क्वेडलिनबुर्ग. दोन्ही ठिकाणी राहिल्यावर माझे मत असे झाले आहे की रोटेनबुर्गला आपण संध्याकाळ आणि पहाट यांसाठी पैसे मोजतो, तर क्वेडलिनबुर्गला खुद्द घरासाठी. हॉटेल निवडताना हा फरक ध्यानात ठेवला तर पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

दोन्ही गावे टिकली ती गरिबीमुळे. तीस वर्षांच्या युद्धात १६३१ मध्ये रोटेनबुर्ग कॅथलिक सेनापती टिलीच्या सैन्याच्या हाती पडले, १६३४ मध्ये प्लेगची साथ आली, आणि त्यानंतर नवे बांधकाम करण्याइतका पैसाच गावात उरला नाही. क्वेडलिनबुर्गची जुनी घरे पूर्व जर्मनीच्या काळात दुरुस्तीअभावी खचत गेली. ती सरसकट पाडून नवे बांधायलाही पैसा नव्हता, म्हणून १९९० नंतर सावरण्यासाठी ती शिल्लक राहिली आणि १९९४ मध्ये गावाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. रोटेनबुर्गच्या बाबतीत मात्र एक गोष्ट हॉटेल ठरवण्यापूर्वी जाणून घ्यावी : ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुन्या गावाचा सुमारे ४० टक्के भाग, मुख्यतः पूर्वेकडचा, नष्ट झाला आणि युद्धानंतर जुन्या धर्तीवर पुन्हा उभारला गेला. त्यामुळे खरोखर शतकांपूर्वीच्या भिंतींमध्ये राहायचे असेल तर पश्चिमेकडील हेर्नगासे ही गल्ली आणि बुर्गगार्टेन या बागेच्या बाजूचे, पूर्वी धनिकांची घरे असलेले भाग पाहावेत.

तरीही रोटेनबुर्गमध्ये वास्तूच्या वयापेक्षा ती गावाच्या जुन्या तटाच्या आत आहे की बाहेर, याला मी अधिक महत्त्व देतो. दुपारी बाजारचौकात आणि प्लोनलाइनच्या त्या प्रसिद्ध तिठ्यावर उभे राहायलाही जागा नसते. संध्याकाळी पर्यटकांच्या बसगाड्या परतल्या की तेच रस्ते जवळजवळ मोकळे होतात. रात्री ८ वाजता चौकातून निघणाऱ्या रात्रपहारेकऱ्याच्या वेशातल्या वाटाड्याच्या इंग्रजी फेरीत सामील व्हावे, आणि सकाळी न्याहारीपूर्वी तटावरच्या छपराखालच्या वाटेने चालावे. तटाच्या दगडांवर पुनर्बांधणीसाठी देणगी देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत दूरदूरच्या देशांतली नावे दिसतात, आणि ती निवांत वाचण्याची वेळ सकाळचीच. हे सारे तटाच्या आतील साध्या, स्वस्त खोलीत राहूनही मिळते, त्यामुळे इथे महागड्या खोलीचा हट्ट धरण्याचे कारण मला दिसत नाही.

क्वेडलिनबुर्ग दिवसाही शांत असते, तेव्हा केवळ संध्याकाळसाठी मुक्काम करण्याची गरज तिथे नाही. तिथे १३००हून अधिक लाकडी चौकटीची घरे आहेत, आणि त्यांपैकी एकात राहणे हाच अनुभव आहे. या बांधणीला जर्मनमध्ये ‘फाखवेर्क’ म्हणतात. ‘फाख’ म्हणजे आपल्या वाड्यातला खण. लाकडी खांब आणि तुळया यांच्या मधला खण, जुन्या पद्धतीत, काठ्या विणून त्यावर माती लिंपून भरलेला, म्हणजे थेट आपल्या कुडासारखा. वोर्डगासे ३ येथील चौदाव्या शतकातले घर आता या बांधणीचे संग्रहालय आहे. ते पहिल्या दिवशीच पाहावे, म्हणजे आपल्या खोलीतली तुळई वाचता येते. मी राहिलो त्या खोलीत पलंगाच्या वरच्या तुळईवर छिन्नीने कोरलेल्या तीन तिरप्या रेघा होत्या, आणि तिला मिळणाऱ्या खांबावरही तशाच तीन. सुतार चौकट आधी जमिनीवर जुळवत, कोणते लाकूड कोणत्या लाकडात बसायचे याच्या खुणा करत, ती सुटी करत आणि मग जागेवर उभी करत. त्या खुणांवर हात ठेवून मी बराच वेळ उभा होतो. असे काही पाहायला मिळावे असे वाटत असेल तर खोली ठरवण्यापूर्वी हॉटेलला स्पष्ट विचारावे, कारण अशा हॉटेलांच्या काही खोल्या मागच्या नव्या इमारतीत असू शकतात.

जिन्यांचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच गंभीर आहे. संरक्षित वास्तूत लिफ्ट बसवणे अवघड असल्याने ती अनेकदा नसते. एका ठिकाणी, आधी न विचारल्यामुळे, आईला दुखऱ्या गुडघ्यांनिशी तिसऱ्या मजल्यापर्यंत अरुंद लाकडी जिना चढावा लागला, आणि संध्याकाळी जेवणासाठी पुन्हा खाली उतरण्याची तिची इच्छाच उरली नाही. ती संध्याकाळ वाया गेल्याचे मला अजूनही वाईट वाटते. म्हाताऱ्या माणसांसाठी तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची खोली लेखी मागून घ्यावी. ती मिळत नसेल तर जुन्या वास्तूचा मोह सोडून लिफ्ट असलेले साधे हॉटेल घ्यावे. वातानुकूलनही बहुधा नसते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये छपराखालची खोली चांगलीच तापते.

शाकाहारी माणसाची न्याहारीला गैरसोय होत नाही. पाव, चीज, दही, फळे भरपूर असतात. रात्रीच्या जेवणाला मात्र परतलेले बटाटे मागवले तरी त्यांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येऊ शकतात, म्हणून ‘ओने श्पेक’ (म्हणजे ते तुकडे न घालता) असे आधीच सांगावे. आठवड्याची सुटी कोणत्या दिवशी आहे तेही पाहून ठेवावे, कारण लहान गावात सोमवारी अनेक खानावळी बंद असतात.

फ्रँकफुर्टकडून येणाऱ्यांना वुर्त्सबुर्ग आणि श्टाइनाखमार्गे रोटेनबुर्ग सोयीचे आहे; बर्लिनकडून येणाऱ्यांना माग्देबुर्ग आणि हाल्बरश्टाटमार्गे क्वेडलिनबुर्ग. एकच रात्र हाताशी असेल तर मी रोटेनबुर्ग घेईन. दोन रात्री असतील तर क्वेडलिनबुर्ग, कारण पहिला दिवस गावाला आणि ९३६ मध्ये जिथे पहिला हाइनरिश या जर्मन राजाला पुरले त्या टेकडीवरच्या चर्चला द्यावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी गावातूनच निघणाऱ्या हार्त्सच्या मीटरगेज गाडीने जंगलात जाता येते. तिच्या काही फेऱ्यांना अजून वाफेचे इंजिन असते. वेळापत्रकात ती फेरी पाहूनच मुक्कामाची तारीख ठरवावी.