अख्खी चमकणारी डायल की ट्रिटियमच्या नळ्या?

डायव्हिंगचं घड्याळ म्हणून बेल अँड रॉसचं चौकोनी 'बीआर 03-92 डायव्हर फुल लम' घ्यावं की बॉलचं 'इंजिनिअर हायड्रोकार्बन', या पेचात मी बरेच महिने होतो. पहिलं मित्राकडून मागून भरपूर वापरलं, दुसरं शेवटी विकत घेतलं. खोली, काच, मशीन यांत शिरत नाही. मालवणला आपण जितके खाली जातो, त्याच्या कितीतरी पलीकडचं ही दोन्ही सोसतात.

देखणेपणात चौकोनीला तोड नाही. डायव्हिंगचं घड्याळ म्हणजे गोल, हे ठरून गेलेलं असताना कोपरे असलेली केस पाण्यात उतरवायला हिंमत लागते. बेल अँड रॉसला पाणी नवं नव्हतं म्हणा. 1997 च्या त्यांच्या हायड्रोमॅक्स घड्याळात तेल भरलेलं होतं आणि ते 11,100 मीटरपर्यंतच्या दाबाला टिकणारं होतं. फुल लममध्ये नुसते काटे आणि खुणा नाहीत, सगळी डायलच पेटते. तारकर्लीला होडीत बसून ऊन खाल्लेलं घड्याळ पाण्याखालच्या गढूळ उजेडात पाहिलं, तेव्हा 'नाद खुळा' याशिवाय दुसरा शब्द सुचला नाही. बॉल त्या घटकेला फिकं दिसतं, हे मान्यच करायला हवं.

पण आपण पाण्यात असतो किती वेळ? माझी अडचण घाटावर सुरू झाली. मालवणला जायचं तर कोल्हापूर अंधारातच सोडायचं. थंडीत गगनबावड्याला धुकं असतं, अंगात स्वेटर असतो, बाही मनगटाच्या खाली आलेली असते. बाही सारून वेळ बघावी, तर डायलवर जेमतेम राखाडी-हिरवी झाक. रात्रभर उशाशी अंधारात पडलेलं, मग बाहीत झाकलेलं, त्याला उजेड मिळणार कुठून? याला कुठल्याच कंपनीचा इलाज नाही, डायलवरच्या चमकणाऱ्या पावडरीचा स्वभावच तसा आहे. 1993 मध्ये जपानच्या नेमोतोने स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटवर आधारलेली ल्युमिनोव्हा आणली, तिच्याच कुळातली ही सुपर-ल्युमिनोव्हा. घेतलेला उजेड तेवढा परत देते, सुरुवातीला भरभरून, मग झपाट्याने कमी. नेमकी पहाटे, जेव्हा खरोखर वेळ बघायची असते, तेव्हा ती दमलेली असते. मला हे फार खटकलं. फुल बाहीचा शर्ट घालून दिवसभर ऑफिसात बसणाऱ्यालाही खटकेल, असं वाटतं.

बॉलच्या काट्यांवर आणि खुणांवर काचेच्या बारीक नळ्या आहेत. आत ट्रिटियम हा किरणोत्सारी वायू. त्यातून निघणारे इलेक्ट्रॉन नळीच्या आतल्या लेपावर आदळतात आणि लेप उजळतो. ते काचेतून बाहेर येत नाहीत, तेव्हा घरच्यांची काळजी मिटते. उजेड मंद, पण संध्याकाळी सातला जेवढा, तेवढाच पहाटे चारला. कपाटात ठेवून आठवड्याने काढलं तरी फरक नाही. ज्याच्या नावाने ही कंपनी आहे तो वेबस्टर बॉल हा अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा सराफ. 1891 च्या किप्टनच्या रेल्वे अपघातानंतर रेल्वेवाल्यांच्या घड्याळांची शिस्त त्याने लावली. हे घड्याळ त्या घराण्यात शोभतं, असं मला तरी वाटतं.

दुकानात गेलात तर एक करा. तिथे मोबाइलचा टॉर्च मारून चमक दाखवतात, त्यावर भुलू नका. ओळखीच्या कुणाकडे असेल तर रात्रभर ड्रॉवरमध्ये ठेवून पहाटे लाइट न लावता बघा.

वर्षातून अनेकदा डायव्हिंग करणारा असाल, किंवा मनगटावरची वस्तू चारचौघांत उठून दिसावी अशी हौस असेल, तर चौकोनीच घ्या, पैसे सार्थकी लागतील. बाकीच्यांना मी बॉलच सुचवेन. फक्त ट्रिटियम सुमारे 12.3 वर्षांत निम्मं होतं. त्यामुळे सेकंडहँड बघत असाल तर घड्याळ कुठल्या सालचं आहे ते आधी विचारा आणि आठ-दहा वर्षांचं असेल तर भाव पाडूनच घ्या.