अझेलियाची छाटणी: फुलं सरल्यावर एकदाच, की हंगामभर थोडी थोडी?

अझेलिया या फुलझुडपाची फुलं सरली की नवे फुटवे येतात. पुढच्या वसंतातल्या कळ्या त्यांच्याच शेंड्यांवर धरतात, आणि तेही उन्हाळ्यातच. दोन्ही पद्धती तोलायच्या त्या यावरून.

एकदाच छाटायचं असेल तर फुलं कोमेजल्यावर तीन-चार आठवड्यांत उरका. झुडपाबाहेर डोकावणारी फांदी धरा, बोटं तिच्या बुडाकडे नेत जा आणि ती दुसऱ्या फांदीला मिळते तिथे हातकात्रीने कापा. काप पानांआड लपतो, आतपर्यंत ऊन-वारा पोचतो आणि कळ्या धरायला पुरेसा वेळ मिळतो. अझेलियाच्या सालीखाली सुप्त डोळे, म्हणजे अजून न फुटलेले अंकुर असतात, त्यामुळे पान नसलेल्या जागी कापलं तरी फूट येते. अझेलियाच्याच जातकुळीतल्या, मोठ्या पानांच्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या बाबतीत मात्र पानांच्या झुबक्याच्या जरा वरच कापावं.

हंगामभर हात फिरवण्याचेही दोन प्रकार आहेत. कोवळा शेंडा चिमटीत धरून खुडला की खालून दोन-तीन फुटवे येतात आणि झुडूप भरतं. लहान, विरळ रोपासाठी हे उत्तमच. फक्त उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत ही खुडणी थांबवायला हवी. कुंपणाच्या मोठ्या कात्रीने दर महिन्याला वरून सपाट करणं मात्र मला अजिबात पटत नाही. बाहेर पानांचं दाट कवच होतं, आतल्या फांद्यांची पानं उजेडाअभावी झडतात आणि उशिराच्या प्रत्येक फेरीत पुढची फुलं कापली जातात. काटेकोर आकाराचं कुंपणच हवं असेल, तर फुलं कमी येणार हे धरूनच चाला.

म्हणून वाढलेल्या झुडपाला मी एकदाच्या छाटणीकडे झुकेन, आणि तरण्या रोपाला त्याच्या जोडीला थोडी खुडणी. अगदीच जून, वेडंवाकडं झालेलं असेल तर जाड खोडांपैकी एक तृतीयांश बुडापासून काढा, असं तीन वर्षं. सगळं एकदम फूटभर उंचीवर आणायचं तर हिवाळा संपताना. त्या वर्षी फुलं मिळणार नाहीत.

वर्षातून दोन-तीनदा फुलणाऱ्या अझेलियाच्या जातींनाही वसंतातला बहर ओसरताच छाटावं. गुलाब, जास्वंद यांना हे वेळापत्रक लावू नका. त्यांची फुलं त्याच हंगामातल्या फुटीवर येतात, त्यामुळे त्यांची मुख्य छाटणी नवी वाढ सुरू होण्याच्या सुमारास करतात. वाळलेली किंवा रोगट फांदी मात्र कुठल्याही झुडपाची, कधीही काढा. दोन कापांच्या मध्ये कात्रीचं पातं स्पिरिटने पुसून घ्या.