बोत्तिचेल्लीची ‘समृद्धी’ की राफाएलची ‘काव्यदेवता’? प्रतिकृतीसाठी रेखाटन निवडताना

प्रबोधनकालीन इटलीत अमूर्त कल्पनांना स्त्रीरूप देऊन रंगवण्याचा प्रघात होता. अशा रूपकात्मक आकृतीच्या पूर्वरेखाटनाची प्रतिकृती करून हात घडवू पाहणाऱ्याला मी दोन पर्याय सुचवेन: लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील सांद्रो बोत्तिचेल्लीची ‘समृद्धी’ (सुमारे १४८०–८५) आणि विंडसरच्या राजसंग्रहातील राफाएलची ‘काव्यदेवता’ (सुमारे १५०९–१०). दोन्ही कागद आकाराने लहान असल्याने ए-थ्री कागदावर मूळ मापात सहज उतरतात.

बोत्तिचेल्लीने कागदाला आधीच गुलाबी लेप दिला आहे. त्यामुळे मधली छटा आयती मिळते. गडद भाग तपकिरी शाईने आणि उजळ भाग पांढऱ्या रंगाने दाखवला की काम भागते, मात्र मधल्या जागेला हात न लावण्याचा संयम नवशिक्याला सहसा जमत नाही. चालत्या स्त्रीचे वाऱ्यावर उडणारे केस आणि झिरझिरीत वस्त्र टाकाच्या रेषेने बारकाईने पूर्ण केले आहे, पण तिच्या हातातल्या फळाफुलांच्या शिंगापर्यंत शाई पोहोचलेलीच नाही; तिथे नुसता काळा खडू दिसतो. आधी खडू, मग टाक हा कामाचा क्रम या अपुऱ्या कोपऱ्यातच उघड होतो, म्हणून मला तो सुंदर चेहऱ्याहूनही मोलाचा वाटतो. अडचण एवढीच, की शाईची चुकलेली रेषा खोडता येत नाही. शिवाय या रेखाटनाशी जोडता येईल असे रंगवलेले चित्र उपलब्ध नाही.

राफाएलच्या बाबतीत ते आहे. व्हॅटिकनमधील स्तान्झा देल्ला सेन्यातुरा या दालनाच्या छतावर हीच पंखधारी काव्यदेवता सोनेरी पार्श्वभूमीवर बसलेली दिसते, त्यामुळे रेखाटनातले काय टिकले आणि काय बदलले, हे छायाचित्र शेजारी ठेवून तपासता येते. काळा खडू चुका पोटात घेतो, छटाही सावकाश चढवता येतात.

रेषेवर हुकूमत आलेली असेल तर बोत्तिचेल्ली घ्यावा. इतरांनी राफाएलपासूनच सुरुवात करावी. फक्त त्याच्या आकृतीवरची चौकटींची जाळी आपण शेवटी आखावी. ती तयार रेखाटन मोठे करण्यासाठी वरून घातलेली आहे. आधी चौकटी आखून त्या एकेक करून भरल्या, तर हाती नकाशा येतो, आकृतीचा अभ्यास होत नाही.