पट मोजून सामना लावणारी व्यवस्था : टेक्सासची शालेय वर्गवारी जवळून पाहिल्यावर

लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत मी सोळा वर्षं खेळ शिकवते. पाचवी ते दहावी मिळून पट १४७. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे अमेरिकेत, टेक्सास राज्यातल्या डॅलसजवळ गेले होते. तिथल्या हायस्कूलच्या फुटबॉलची वर्गवारी नीट समजून घेतली, दोन सामने पाहिले, आणि आल्यापासून तोच विषय डोक्यात आहे. तिकडं गेलेली माणसं मॉल नाहीतर मंदिर कसं होतं ते लिहितात. मला या वर्गवारीबद्दल लिहायचंय. कारण शाळांना मिळणारी ही एक सेवाच आहे, आणि आपल्याकडे तिच्यासारखी दुसरी मला माहीत नाही.

आधी एक सांगते. तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला पायानं खेळायचा नव्हे. लांबट चेंडू काखेत धरून पळायचं, समोरच्यानं अंगावर येऊन पाडायचं. अंगावर पॅड, डोक्याला हेल्मेट. नियमित संघात मैदानावर एका बाजूला अकरा गडी.

टेक्सासात शाळांच्या स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कॉलॅस्टिक लीग भरवते. सगळे तिला यूआयएल म्हणतात. १९१० साली टेक्सास विद्यापीठाच्या पुढाकारानं ती सुरू झाली. दर दोन वर्षांनी ती सगळ्या सरकारी हायस्कूलांची नव्यानं वर्गवारी करते. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी नववी ते बारावीत किती विद्यार्थी आहेत तो आकडा धरायचा. मुलगे आणि मुली दोन्ही. त्या आकड्यावरून शाळा १ए पासून ६ए पर्यंत सहा वर्गांत बसते. २०२४ ते २०२६ या दोन वर्षांसाठी २२७५ आणि त्यावर पट असलेली शाळा ६ए, १३१५ ते २२७४ ची ५ए, ५४५ ते १३१४ ची ४ए, असं उतरत उतरत शेवटी १०४.९ पर्यंतची १ए.

ऑक्टोबरातला शुक्रवार ऐकून मी भावाकडे बघतच राहिले. आपल्याकडे ३० सप्टेंबरचा पट! तोच प्रकार, तेवढाच धाक, सगळी शाळा त्या एका दिवसाच्या आकड्याकडे डोळे लावून बसलेली. आपल्याकडे त्या आकड्यावरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरतं. पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त, मग समायोजन, मग कुठल्या तालुक्यात जावं लागेल याची रात्रीची झोप नाही. वीसच्या आत पट आलेल्या शाळांचं काय करायचं याच्या बातम्या आपण वाचल्यात. सोळा वर्षांत पट हा शब्द मी कधी आनंदानं ऐकलेला नाही. तिकडं त्याच आकड्यावरून लेकरांना कोणाशी खेळायचं ते ठरतं.

आता बाद फेरीकडं येते, कारण खरी गंमत तिथं आहे. शेजारपाजारच्या शाळांचा एक गट करतात, त्याला डिस्ट्रिक्ट म्हणतात. आपल्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. गटातल्या गटात साखळी सामने होतात. ५ए पासून खाली प्रत्येक वर्गाचे फुटबॉलसाठी मोसम सुरू व्हायच्या आधीच दोन भाग केलेले असतात, मोठ्या पटाचा डिव्हिजन एक आणि लहान पटाचा डिव्हिजन दोन. ६ए मध्ये मात्र साखळी सगळे मिळून खेळतात. गटातल्या वरच्या चार शाळा बाद फेरीत जातात आणि तिथं पुन्हा पट काढतात. चारांतल्या जास्त पटाच्या दोन डिव्हिजन एकला, कमी पटाच्या दोन डिव्हिजन दोनला. गटात पहिला आलेला संघसुद्धा पट कमी असेल तर डिव्हिजन दोनमध्ये जातो.

असं का, ते एक मैदान बघितल्यावर कळलं. भावानं ॲलन गावातलं शाळेचं स्टेडियम दाखवलं. १८,००० माणसं बसतील एवढं, सहा कोटी डॉलर खर्चून २०१२ साली उघडलेलं, आणि ते एका शाळेचं! त्या शाळेत पाच हजारांच्या वर मुलं. २२७५ वाली शाळाही ६ए आणि पाच हजारवालीही ६ए. निदान बाद फेरीत तरी पुन्हा चाळण लावायलाच हवी. अशी सहा वर्गांत मिळून बारा राज्य विजेतेपदं होतात, आणि बाराही अंतिम सामने डिसेंबरात आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियमवर. डॅलस काउबॉयज या व्यावसायिक संघाचं ते घर. पन्नास पटाच्या शाळेची पोरंही त्याच मैदानावर उतरतात.

मोठ्या शाळेचा सामना पाहिला, छान होता, दिवे, बँड, गर्दी सगळं. त्याबद्दल फार लिहायचं नाही. माझा जीव दुसऱ्या सामन्यात अडकलाय.

फोर्ट वर्थच्या पश्चिमेला पावणेदोन तास गेलो. माळरान, कापसाची रानं, आणि दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. मी म्हटलं, अरे ही तर आपली वेडी बाभूळ! तिकडं तिला मेस्कीट म्हणतात, जात आपल्या वेड्या बाभळीच्या भावकीतलीच. गाव आपल्या एखाद्या वाडीएवढं. शाळा १ए, म्हणून फुटबॉल सहा गड्यांचा. १९३४ साली नेब्रास्कातल्या स्टीफन एपलर नावाच्या शिक्षकानं तो काढला, ज्या शाळांना अकरा जमत नाहीत त्यांच्यासाठी. मैदान ८० यार्ड लांब आणि ४० रुंद, म्हणजे नेहमीपेक्षा आखूड नि अरुंद. सहाही गड्यांना चेंडू झेलता येतो. मध्यंतराला किंवा त्यानंतर कधीही ४५ गुणांची आघाडी झाली की सामना तिथंच थांबवतात, लेकरांची आणखी फरफट नको म्हणून.

गेटवर तिकीट फाडणाऱ्या बाई शाळेच्या क्लार्क निघाल्या. भावानं त्यांना सांगितलं, ही माझी अक्का, भारतात खेळ शिकवते. मी विचारलं, पट किती? बाईंनी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. बावन्न. आमच्या क्लार्कलाही असाच तोंडपाठ असतो. मग त्यांनी आपण होऊन सांगितलं, एकोणसाठ पूर्णांक चारच्या वर गेलो की डिव्हिजन एक, सध्या आम्ही दोनला आहोत. बोलण्यात भीती अजिबात नव्हती. आपण कुठल्या वर्गात बसतो ते सांगावं तसं.

बावन्नांतले अकरा जण पोशाख घालून आलेले. मध्यंतर झाला. खेळाडू आत जातात, बँड मैदानात येतो, हे मी मोठ्या शाळेत पाहिलं होतं. इथं बँड म्हणजे सात लेकरं. त्यातला एक मुलगा खेळाडूच. पॅड तसेच अंगावर, गुडघ्याला माती, हेल्मेट काढून त्यानं कुंपणाच्या खांबाला अडकवलं आणि ड्रमचा पट्टा खांद्यात घातला. घामानं केस कपाळाला चिकटलेले. दोन गाणी वाजवली, ड्रम खाली ठेवला, हेल्मेट चढवलं आणि पळत संघात गेला. मला भरून आलं. आमच्या शाळेत जी मुलगी खो-खो खेळते तीच पंधरा ऑगस्टला लेझीम धरते, तीच प्रार्थनेला पेटीवर बसते. लहान शाळेत असंच असतं, एका लेकरानं चार कामं करायची. सामना शेवटपर्यंत चालला. पाहुण्यांनी ५८-५२ असा जिंकला. हरलेल्या पोरांच्या आया रडत नव्हत्या, मिठ्या मारत होत्या. जिंकू शकणारा सामना हरले होते ते.

आमचं सांगते. गेल्या वर्षी १७ वर्षांखालील मुलींचा खो-खो. तालुक्याला बारा मुली नेल्या, त्यातल्या दोघी फक्त आकडा भरायला. त्यातल्या एकीला ताप होता, पण तिच्याशिवाय बारा भरत नव्हत्या. पहिलाच सामना दीड हजारावर पट असलेल्या, वसतिगृह असलेल्या शाळेशी. त्यांच्याकडे निवडायला तीनशे मुली, माझ्याकडे एकतीस. आमच्या कर्णधारानं दोन मिनिटं चाळीस सेकंद संरक्षण केलं, खांबाजवळ अशी काही वळली की पंचसुद्धा हसले. तरी एक डाव आणि अकरा गुणांनी गेलो. वर्षभर सकाळी सहाला येऊन केलेला सराव सव्वाअकरापर्यंत संपला. परतीच्या टमटममध्ये ती पोरगी म्हणाली, "मॅडम, पुढल्या साली बी तेच येतील की." मला उत्तर सुचलं नाही.

आपल्या शालेय स्पर्धांत १४, १७, १९ असे वयोगट आहेत. कुस्तीत वजनगट आहेत, कारण ४५ किलोच्या पोराला ८० किलोच्या पैलवानासमोर कोणी उभं करत नाही. शाळेचं वजन मात्र कोणी करत नाही. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य या जिन्यावर १४७ आणि १५०० एकाच पायरीवर उभे. १९६० पासून चालत आलेल्या, पायानं खेळायच्या फुटबॉलच्या सुब्रतो करंडकातही वयाचे गट आहेत, पटाचे नाहीत. गुण आपल्या भागात नाही असं कोणी म्हणू नये. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. गुण पहिल्या फेरीत सव्वाअकराला घरी पाठवला जातो, एवढंच.

स्टाफरूममध्ये हे सगळं सांगितलं तेव्हा गणिताचे सर म्हणाले, बाई, लहानानं मोठ्याला पाडण्यातच खरा खेळ आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. इंडियाना राज्यात १९५४ साली मिलान नावाच्या १६१ पटाच्या शाळेनं मन्सी सेंट्रल या बड्या शाळेला ३२-३० असं हरवून बास्केटबॉलचं राज्य विजेतेपद घेतलं होतं. तेव्हा तिथं सगळ्या शाळांची एकच स्पर्धा असायची. लोक अजून ती गोष्ट सांगतात. पण सत्तर वर्षं एकाच शाळेचं नाव सांगावं लागतं, कारण तसं घडतच नाही. इंडियानानं शेवटी १९९७-९८ च्या मोसमापासून बास्केटबॉलचेही वर्ग पाडले. मला एक मिलान नको. दरवर्षी तालुक्यातल्या वीस लहान शाळांना दुसरा सामना खेळायला मिळाला तर पुरे.

उणिवाही आहेत, त्या लपवत नाही. पट म्हणजे सगळं नव्हे. सारख्या पटाच्या दोन शाळांत एकीकडे पैसा असतो, दुसरीकडे बूट नसतात; हा आकडा ते मोजत नाही. शिवाय रेषेच्या अलीकडे-पलीकडे दोन-चार मुलांनी वर्ग बदलतो. खाजगी शाळा लांबून खेळाडू गोळा करतात, त्यांचं काय, हा प्रश्न टेक्सासात फारसा येत नाही, कारण त्यांच्या स्पर्धा बहुतेक वेगळ्याच होतात. इलिनॉय राज्यानं त्यावर सरळ उपाय काढला. ज्या शाळेला ठरलेली हद्द नाही तिचा पट १.६५ नं गुणायचा आणि मग वर्ग ठरवायचा. हे मला फार आवडलं. चार तालुक्यांतून मुली आणून वसतिगृहात ठेवणाऱ्या शाळेचा पट गुणून धरा, मी तक्रार करणार नाही. इंडियानात तर सतत जिंकणाऱ्या संघाला वरच्या वर्गात चढवतात.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी या व्यवस्थेला पाचपैकी साडेचार देईन. यादी उघड आहे. प्रत्येक शाळेचं नाव, समोर पट, उतरत्या क्रमानं, कोणालाही वाचता येईल अशी. वर्गाच्या रेषा डिसेंबरात जाहीर होतात, गट फेब्रुवारीत. ज्याला वाटतं तो आकडा तपासतो. आमच्याकडे प्रवेशिका भरताना सामना कोणाशी लागणार ते चिठ्ठी निघेपर्यंत कळत नाही. अर्धा तारा राखला तो ६ए मधल्या त्या २२७५ ते पाच हजारांच्या दरीसाठी.

आल्यावर मी आमच्या तालुक्याची तशीच यादी केली. ३० सप्टेंबरचे आकडे प्रत्येक मुख्याध्यापकांना फोन करून घेतले. दोघांनी विचारलं, बाई, कशासाठी, काही चौकशी आहे का? नाही, खो-खोसाठी, म्हटल्यावर एक सर हसले आणि लगेच सांगितला. सगळ्या शाळा दोन फुलस्केपवर मावल्या. १२० ते १९० या पट्ट्यात आमच्यासकट सात निघाल्या. सात शाळा, सगळ्या एसटीनं तासाभराच्या आत! तालुका क्रीडा संयोजकांना अर्ज दिलाय, की तालुका फेरी दोन पटगटांत घ्यावी आणि दोन्ही विजेते जिल्ह्याला पाठवावेत. उत्तर यायचंय. तोवर आम्ही सातही शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी आपापसात साखळी ठरवलीय, रविवारी, खर्च ज्याचा त्यानं.

यादी मी मुलींना दाखवली. कर्णधारानं बोट ठेवत ठेवत आमचं नाव शोधलं, वरती १५२, खाली १३१. "मॅडम, ह्या तर आपल्याएवढ्याच हायत," ती म्हणाली. मग सगळ्याजणी कागदावर वाकल्या. १३१ वाल्या शाळेत कोणाची मावसबहीण आहे, ती किती पळते, डावीकडं वळते की उजवीकडं, यावर मधली सुट्टी संपून घंटा झाली तरी बोलणं चालूच होतं. पहिला सामना त्यांच्याशीच, त्यांच्या मैदानावर. आमचा एक खांब वाळवीनं खाल्लाय, तो सुताराकडे दिलाय.